मुठीआडची सही

तलवार विमानातून आणता येत नाही,
म्हणून आयल्सा मॅकस्किमिंगने नुसता ठसा आणलाय:
पातळ कागद, त्यावर घासलेली शिसपेन्सिल,
जशी पोरं नाण्यावर घासतात.
ओटागोहून सेकीपर्यंत गुंडाळी करून,
लोकरीच्या मोज्यात जपून.

वडील गेले, मग मेंढ्यांच्या शेडमध्ये
गोणपाटात सापडली, म्हणाली.
शेहेचाळीस साली यामागुचीत
जमा केलेल्या ढिगातून त्यांनी उचललेली.
पुढे चाळीस वर्षं तिने फक्त
कुंपणाची काटेरी झुडपं तोडली.
"घडवली कुणी, एवढं सांगा."

मी चष्मा पुसतो. या कामात मी तो दोनदा पुसतो,
दुसऱ्यांदा उगीच.
मुठीची बांबूची खुंटी तिने स्वतःच काढली होती
विणायच्या सुईने ठोकून,
आणि नशीब, आतला गंज घासला नव्हता.
लोक घासतात. शेपूट चकचकीत करून
फोटो पाठवतात,
आणि विचारतात, आमचा लोहार कुठे गेला?

एका अंगाला तारीख: शोवा एकोणीस, आठवा महिना.
दुसऱ्या अंगाला दोन अक्षरं.
पहिलं काने.
आमच्या गावात निम्मे लोहार कानेनेच सुरू होतात.
दुसरं गंजाने खाल्लंय,
वर एक ठिपका, खाली आडवी रेघ,
एवढ्यात तिघे सहज बसतील,
ताणलं तर चार.
यादी उघडतो. मिटतो.

खरं तर मघाशीच कळलंय मला.

पण हिला कसं सांगू,
त्या उन्हाळ्यात लोहारांना सही करायला वेळच नव्हता.
रोज इतकी पाती यायची
की नावं कोरायला वेगळे हात बसवले होते
भाताच्या रिकाम्या कोठारात,
एका बाकावर ओळीने,
ज्यांना कधी पाहिलंही नाही अशांची नावं.

काने लिहिताना शेवटची रेघ
उजवीकडे सुटत जायला हवी,
बारीक होत होत, वाऱ्यावर सोडल्यासारखी.
ही सुटत नाही.
खाली येते, दबते, उभी राहते.
परक्या उंबऱ्याशी माणूस राहतो तशी.

हे उभं राहणं मी ओळखतो.
पहिलीत माझ्या वहीवर नाव तिनेच घातलं होतं,
कानेमात्सु,
आणि मास्तरांनी त्या रेघेभोवती
लाल शाईचा गोल काढला होता.

तोमे आत्या.
चार मुलींच्या पाठीवर पाचवी झाली, तेव्हा
आजोबांनी ठेवलेलं नाव: थांब, आता पुरे.
अक्षरं गिरवतानाही हाच शब्द असतो,
रेघ दाबून अडवायची, तिथे मास्तर म्हणतात, तोमे.

सोळा वर्षांची होती. दिवसाला तीसेक नावं.
छिन्नी डाव्या हातात, मुकादम नसला की.
मी एकदा विचारलं होतं,
आत्या, ते मुद्दाम, की हात दमायचा?
म्हणाली, आधी मुळे सोलून घे.

कागदावर मी लिहून देतो:
लोहार, निश्चित नाही. काळ, बरोबर.
आयल्सा वाचते, घडी घालते,
पर्स बंद करते, तरी उठत नाही.

मग मी तिला मागे नेतो, स्वयंपाकघरात.
मिसोच्या पिंपावरचं झाकण उलटं करतो.
सुगीला शेजाऱ्यांकडे झाकणांची अदलाबदल व्हायची,
म्हणून तिने आमचं आडनाव त्यावर कोरलं होतं.
लाकूड काळं पडलंय, खाच अजून खोल.

ती काही विचारत नाही.
मोज्यातून उरलेला कागद काढते,
झाकणावर पसरते, कडा अंगठ्याने दाबून धरते,
आणि पेन्सिल आडवी करून घासू लागते,
डावीकडून, सावकाश.
त्या रेघेपाशी येऊन तिचा हात
क्षणभर अडतो.

मी चहाचं पाणी ठेवतो.